भूतकाळात जाऊन या, पण हरताळ न फासता

माझी पहिली कालप्रवासाची कथा एका दिवाळी अंकाकडून साभार परत आली, तेव्हा तिसऱ्या पानावर एका शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला होता : ‘ठेचा’. सातवाहनांच्या काळात गेलेला माझा नायक जुन्नरच्या वाटेवर एका शेतकऱ्याकडे भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खात होता. मिरची आपल्याकडे आली पोर्तुगिजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे माझ्या नायकाचं जेवण उरकल्यावर जवळजवळ चौदाशे वर्षांनी. संपादकांनी पत्रात याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. गोल पुरेसा होता.

कालप्रवास, एक जुनी घातक वस्तू, ती आणायला गेलेलं कुणीतरी आणि मागे लागलेलं आणखी कुणीतरी : साहसकथेचा हा साचा नव्या लिहिणाऱ्याला फार खुणावतो. मलाही खुणावला. तो वाटतो सोपा आणि फसतो नेमक्या ठरावीक जागी. त्या जागा दाखवण्यासाठी मी इथे एकच कथा पहिल्यापासून शेवटपर्यंत बांधून दाखवतो. ठिकाण सोपारा. म्हणजे आजचं नालासोपारा, विरार लोकलमधून उतरता न आल्यामुळे अनेकांनी नुसतं पाहिलेलं स्टेशन.

पायरी १ : नोंद शोधा, मग नोंदीतलं भोक शोधा

‘प्राचीन काळी एका मंदिरात एक शापित रत्न होतं’ अशी सुरुवात करू नका. कुठला काळ, कुठलं गाव, ते पहिल्या दिवशीच ठरवा आणि तिथे खरोखर काय सापडलं आहे ते वाचून काढा. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

सोपाऱ्याचं घ्या. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला एक मोठा ढिगारा खणला. गावचे लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. आत निघाला विटांचा स्तूप आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे मानले गेले. तांब्याच्या करंड्याभोवती आठ छोट्या कांस्य बुद्धमूर्ती मांडलेल्या होत्या. शिवाय यज्ञ सातकर्णी या सातवाहन राजाचं चांदीचं एक नाणं निघालं, वापरून न झिजलेलं. हा सगळा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आला.

इथपर्यंत झाली नोंद. आता भोक. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या राजाचं; पण त्या आठ मूर्तींची घडण पाहून अभ्यासक त्या आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. एकाच पेटीत सहाशे-सातशे वर्षांच्या अंतराच्या वस्तू. म्हणजे स्तूप एकदा बंद झाल्यावर मधे कुणीतरी तो उघडला असणार, मूर्ती ठेवल्या असणार आणि पुन्हा बंद केला असणार. कोणी? ठाऊक नाही.

तुमची कथा त्या ‘कोणी’मध्ये राहते. या प्रकारच्या लेखनाचा मला कळलेला नियम एवढाच : नोंदीत जे आहे त्याला हात लावायचा नाही, नोंद जिथे गप्प आहे तिथे घुसायचं. भगवानलालजींना १८८२ मध्ये जे सापडलं, ते तुमच्या कथेनंतरही १८८२ मध्ये तसंच सापडलं पाहिजे.

एक सावधगिरी. ते अवशेष बौद्धांच्या श्रद्धेचे आहेत. त्या पेटीतली वस्तूच शापित किंवा विषारी दाखवण्याचा मोह होईल. मी तरी तसं करणार नाही. कथेतली घातक वस्तू स्वतःची बनवा आणि ती पेटीबाहेर, स्तूपाच्या विटकामात कुठेतरी ठेवा. कथेचं काही बिघडत नाही आणि कुणाच्या मनाला उगाच ओरखडा पडत नाही.

पायरी २ : वस्तू घातक का, हे रसायनाच्या वहीत लिहिता आलं पाहिजे

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. नव्वद टक्के कथा इथेच बुडतात, असं छातीठोकपणे सांगायला माझ्याकडे मोजमाप नाही. माझ्या स्वतःच्या मात्र सगळ्या इथेच बुडाल्या. ‘जो हात लावेल तो मरेल’ हा धोका नव्हे, ही धमकी आहे. धमकीने वाचक एकदा दचकतो. धोक्याला मात्र वागण्याची रीत असते : कशाने जागा होतो, कशाने गप्प बसतो, किती वेळ देतो.

मी निवडली मनशीळ. जुन्या वैद्यांच्या आणि रंगाऱ्यांच्या माहितीतली लाल-केशरी खनिज वस्तू. आर्सेनिक आणि गंधक यांचं संयुग. पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या टिपणात, परदेशी जहाजं बॅरिगाझाला म्हणजे भडोचला जो माल आणत त्यात मनशीळ आहे. तिची बहीण म्हणजे पिवळा हरताळ. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की त्यावर हरताळाचा लेप देत, अक्षर नाहीसं होई. ‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार तिथून आला. कालप्रवासाच्या कथेसाठी याहून नेमकं क्रियापद मराठीत मला सापडलेलं नाही.

मनशीळेचे तीन गुण कथेला उपयोगी आहेत आणि तिन्ही खरे आहेत. एक, ती मऊ असते, त्यामुळे तिच्यातून छोटी मूर्ती कोरता येते आणि ती दिसायला विलक्षण देखणी होते. दोन, उजेडात ठेवली की ती हळूहळू खचते आणि तिची पिवळी भुकटी होत जाते. तीन, आच लागली की तिच्यातून सोमलाचा म्हणजे आर्सेनिकचा विषारी धूर निघतो आणि त्या धुराला लसणासारखा वास असतो.

आता गंमत बघा. उजेड नको, म्हणून मूर्ती अंधारात हलवावी लागते. अंधारात वावरायचं तर दिवटी हवी. दिवटी म्हणजे आच. एवढ्या तीन वाक्यांत तुमचा अख्खा पाठलाग तयार झाला. खलनायक अजून आलेलाही नाही.

आणि तो वास. विनयाच्या, म्हणजे बौद्ध संघाच्या आचाराच्या, नियमांप्रमाणे भिक्खूंना, आजारपण सोडलं तर, लसूण वर्ज्य. म्हणजे विहाराच्या ओवरीत रात्री लसणाचा वास आला, तर काहीतरी जळतंय आणि ते स्वयंपाकघरात जळत नाहीये. तुमच्या नायिकेला हे कळायला हवं, म्हणून मी तिला वसईकडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची लॅब असिस्टंट केलं. नाव रेवा. पुरातत्त्वाची पीएचडी, कराटेचा ब्लॅक बेल्ट आणि पाली अस्खलित, अशी नायिका कृपया घेऊ नका. तिला एकच गोष्ट नीट येऊ दे.

पायरी ३ : जायचं कशासाठी, आणि आजोबांचं काय

आजोबांचा पेच तुम्हाला माहीत असतोच : भूतकाळात जाऊन आजोबांना मारलं तर मारणारा जन्मला कसा? नवखा लेखक हा पेच बाजूला सारून पुढे जातो आणि नेमका शेवटी त्यालाच अडखळून पडतो. आपल्या कथेत तो असा येतो. समजा, आज नालासोपाऱ्यात पाइपलाइनच्या चरात एक लाल मूर्ती निघाली. ज्याला सापडली त्याने घरी नेऊन देव्हाऱ्यात समईशेजारी ठेवली आणि घरातली तीन माणसं गेली. रेवा भूतकाळात जाऊन ती मूर्ती उचलते. मग चरात काही निघतच नाही, माणसं मरत नाहीत आणि रेवाला जायचं कारणच उरत नाही. कथा स्वतःची शेपटी गिळून बसते.

रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोविकोव्ह यांनी मांडलेलं तत्त्व इथे कामी येतं : भूतकाळात गेलात तरी जे घडलं त्याच्याशी विसंगत असं काही तुमच्या हातून घडूच शकत नाही, तुमचं जाणं हा त्या घडण्याचाच भाग होता. मी यावर एक घरगुती तोडगा वापरतो : वस्तू जोडीने ठेवा. मूर्ती दोन होत्या. एक चरात निघाली, तीन माणसं गेली, ते आता बदलणार नाही. चरालगतच्या विटांत त्याच मापाचा दुसरा कोनाडा मात्र रिकामा निघाला, तळाला चिमूटभर पिवळी भुकटी. दुसरी मूर्ती गेली कुठे? रेवा तिच्या मागावर जाते आणि शेवटी वाचकाला कळतं, कोनाडा रिकामा होता कारण तो रेवानेच रिकामा केला होता. इतिहासावर हरताळ नाही आणि आजोबाही सुखरूप.

या जोडीचा आणखी एक फायदा. पहिली मूर्ती काय करते हे वाचकाने पाहिलेलं असतं, त्यामुळे दुसरीबद्दल भाषण द्यावं लागत नाही.

पायरी ४ : यंत्राचा नियम एकच, पण अडचणीचा

यंत्रावर दोन पानं खर्चू नका. निळा प्रकाश, गरगर, कानात घुं घुं, हे सगळ्यांनी वाचलेलं आहे.

विज्ञानाच्या बाजूने जायचं असेल तर माहीत असावं म्हणून सांगतो. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांमुळे घड्याळं मागेपुढे होतात हे सिद्ध आहे. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी आण्विक घड्याळं विमानातून जगाभोवती फिरवून ते मोजलं. मात्र यातून भविष्याकडे सरकता येतं, मागे नाही. मागे जाण्यासाठी कृमिविवराची (वर्महोल, म्हणजे दोन ठिकाणं जोडणारा अवकाशातला बोगदा) कल्पना आहे, १९८८ मध्ये किप थॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली. तिच्यात एक मेख आहे : असं यंत्र ज्या क्षणी तयार झालं, त्याच्या आधी ते तुम्हाला नेऊ शकत नाही. म्हणजे आज बांधलेल्या यंत्राने सातवाहनांकडे जाता येत नाही. दार त्या काळापासूनच तिथे असलं पाहिजे. ही अडचण मला फार आवडते, कारण लगेच प्रश्न येतो : ते दार तिथे कोणी ठेवलं? उत्तर द्यायलाच हवं असं नाही. एखाद्या जुन्या टाक्याच्या तळाशी ते आहे, एवढं पुरे.

शास्त्र नको असेल तर नको. पण एक नियम हवाच आणि तो पात्राला गैरसोयीचा हवा. माझा नियम : दारातून धातू जात नाही. बस. आता परिणाम मोजा. मोबाइल नाही, सुरी नाही, नाणी नाहीत, रेवाच्या दाढेतल्या चांदीचाही प्रश्न. (तिची दाढ मी पहिल्या पानावर काढायला लावली. ओळखीच्या एका डेंटिस्टने तो प्रसंग वाचून दोन तांत्रिक चुका काढल्या.) परत येताना मूर्तीभोवतीचा तांब्याचा करंडाही आणता येत नाही, मूर्ती उघडी करावी लागते, नेमकी उजेडात. नियम आणि धोका एकमेकांत अडकले की कथा आपोआप चालते. न अडकले तर ढकलत राहावं लागतं.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, मग मागे गेलेला माणूस अवकाशात कसा पडत नाही, असं एक तरी वाचक विचारतोच. त्याला दाराचा दगड पृथ्वीवरच आहे असं सांगा आणि पुढे चला.

पायरी ५ : साल कॅलेंडरवर नाही, तळहातावर दाखवा

‘तिने आजूबाजूला पाहिलं. हे नक्कीच दुसरं शतक होतं!’ हे वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे आणि आजही आठवलं की कान गरम होतात. दुसऱ्या शतकातल्या कुणालाच ते दुसरं शतक आहे हे माहीत नव्हतं. मग रेवाला कळणार कसं?

नाण्याने. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाणी. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. पण त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप नव्याने ठोकलेला होता. नहपानाला हरवलं, त्याची नाणी वितळवत बसला नाही, वरून ठसा मारला आणि चलनात सोडली. इतिहासावर हरताळ फासण्याचा हा सरकारी नमुना. तोही अर्धवट, कारण खालचा चेहरा दिसतोच.

आता हा प्रसंग बघा, कसा लिहीन ते :

‘म्हातारीने मोजून तीन नाणी रेवाच्या हातावर ठेवली आणि चौथं देताना थबकली. रेवाने ते उजेडाकडे धरलं. एका माणसाची कड, नाक, ओठ. गालाच्या जागी मात्र तीन कमानींचा डोंगर रुतलेला, एवढ्या जोराने की नाकाचा शेंडा चेपला होता. डोंगराच्या कडा बोटाला टोचल्या. झिजल्याच नव्हत्या. ठसा नवा होता. रेवाच्या पोटात खड्डा पडला. यज्ञ सातकर्णीपर्यंत पोचायला अजून निदान दोन पिढ्या होत्या.’

यात साल कुठेच नाही. गालावर ठसा आहे, टोचणारी कड आहे, आणि रेवा चुकीच्या काळात उतरली आहे हे तिच्याबरोबरच वाचकाला कळतं. चुकीच्या काळात उतरणं हा नवख्याला मी आवर्जून सुचवीन असा धक्का : फुकटात कथेला नाटकासारखा एक पूर्ण अंक मिळतो. तिला आता दार पुन्हा उघडेपर्यंत तिथे जगायचं आहे.

पायरी ६ : जगू कसं? खायचं काय, बोलायचं काय

मिरची गेली. तिच्याबरोबर बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग, काजू, पेरू, सीताफळ आणि तंबाखूही गेली. ही सगळी अमेरिका खंडातली. तिखटासाठी मिरी आहे, पिंपळी आहे, आलं आहे. सोपाऱ्याला भात आणि मासे आहेत, नारळ आहेत. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिकच्या लेण्यातल्या लेखात नारळाच्या झाडांचं दान आहे, मोजून बत्तीस हजार. तोच लेख तुमच्या नायिकेचा प्रवास स्वस्तात करून देतो : त्याने सोपाऱ्यात धर्मशाळा बांधल्याचं आणि पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावांची सोय केल्याचं त्यात लिहिलं आहे. खिशात दमडी नसलेल्या रेवाला याहून काय हवं?

खिशावरून आठवलं. खिसा नव्हता. त्या काळच्या शिल्पांत माणसं नेसलेल्या आणि पांघरलेल्या कपड्यांत दिसतात. जे काही ठेवायचं ते कनवटीला. घाबरली की रेवाचा हात जीन्सच्या खिशाकडे जातो आणि मांडीवर आपटतो. ही सवय मी तिला पाच वेळा दिली आहे. पाचव्या वेळी हात कनवटीला जातो. ती तिथे रुळली हे सांगायला आणखी काही लिहावं लागलं नाही.

शब्दाचंही तेच. ‘खिसा’ फारसीतून आला. जहाज, बंदर, बाजार, कागद, शाई, जमीन, हे फारसी-अरबीकडून. चावी, साबण, पगार हे पोर्तुगिजांकडून. निवेदनात हे खुशाल वापरा, निवेदक आजचा आहे. पण सोपाऱ्याच्या म्हातारीच्या तोंडी ‘बाजारात जहाज आलंय’ नको. ‘हाटात गलका आहे, तारू लागलं’ म्हणू दे. त्याच वेळी दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. ‘हे भगिनी, तू कोठून आगमन केलेस?’ असं त्या काळी कुणी बोलत नव्हतं. लोक महाराष्ट्री प्राकृतात बोलत होते, म्हणजे आपल्याच भाषेच्या खापरपणजीत. तिचा कान हवा असेल तर ‘गाथासप्तशती’ अनुवादासह चाळा. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला हा संग्रह. त्यात राजे कमी आणि शेजारणी, सासवा, शेतं, पाऊस, चोरून भेटणारी माणसं जास्त.

नावं लेण्यांतल्या दानलेखांतून घ्या. नाशिकच्या एका लेखात वीर नावाच्या व्यापाऱ्याने लेणं दान केलं, त्याची बायको नंदसिरी हिने त्यातली एक खोली आणि मुलगी पुरिसदता हिने एक. स्वतःच्या नावाने दान करणारी मुलगी! ‘राजकन्या चंद्रलेखा’ या नावापेक्षा पुरिसदता शंभर पट खरी. माझ्या म्हातारीचं नाव मी नंदसिरी ठेवलं.

पायरी ७ : घड्याळ लावा, पण वाऱ्याचं

साहसकथेला मुदत लागते. ‘दार बारा तासांत बंद होईल’ ही मुदत चालते, पण ती लेखकाने लादलेली वाटते. सोपाऱ्याकडे स्वतःचं घड्याळ आहे. लाल समुद्राकडून येणारी तारवं नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत आणि ईशान्येचा वारा सुरू झाला की परत निघत. वारा चुकला की वर्ष गेलं. मूर्ती ज्या यवन म्हणजे ग्रीक व्यापाऱ्याने आणली आहे, तो वारा फिरला की निघणार आणि जाताना ती विकून जाणार. सकाळी उठून रेवा नारळाच्या झावळ्या कुठल्या बाजूला कलल्या आहेत ते बघते. बास, घड्याळ झालं.

खलनायकही यातूनच काढा. पेरिप्लसचा लेखक सांगतो की, राजवट बदलल्यापासून कल्याणच्या बंदरात फार अडथळे आहेत आणि तिथे लागलेल्या ग्रीक जहाजाला पहारा देऊन भडोचला नेलं जाऊ शकतं. म्हणजे व्यापारावरून दोन सत्तांची झोंबाझोंबी चालू होती. हा प्रकार आपल्या कथेच्या आधीचा; पण दोन सत्तांमध्ये चेपलेला व्यापारी ही फार जुनी आणि टिकाऊ गोष्ट. त्याला दुष्ट हसू देऊ नका. त्याचं कर्ज मोठं आहे आणि मूर्ती हाच त्याचा शेवटचा माल आहे. विषाचं त्यालाही माहीत नाही. त्याच्या हातांना आलेले चट्टे तो खाऱ्या वाऱ्यावर ढकलतो.

पायरी ८ : आणलेली वस्तू खोटी ठरते

ही पायरी बहुतेक लोक विसरतात. रेवा मूर्ती लाकडी डबीत घालून आजच्या काळात आली असं समजा. मूर्ती खनिज, तिचं वय कार्बनने काढता येत नाही. पण डबीचं काढता येतं. लाकूड तुटल्यापासून त्यातला कार्बन-१४ कमी होत जातो, ५,७३० वर्षांत निम्मा. रेवाच्या डबीला मात्र ती वर्षं लागलीच नाहीत. ती झाडावरून तुटून दोन महिने झाले आहेत. प्रयोगशाळा सांगणार : लाकूड ताजं. सातवाहनकालीन घडणीची, अस्सल कारागिरीची डबी आणि वय दोन महिने. सगळे म्हणणार, नकली. वर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आहेच. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणून पोलीस विचारणार आणि जुनी नाही म्हणून तज्ज्ञ हाकलणार.

यातून दोन वाटा फुटतात. वस्तू दारातून बरोबर आणायची, म्हणजे ती तरुण राहते आणि कुणी विश्वास ठेवत नाही. किंवा ती तिथेच अशा जागी पुरायची की आज फक्त तुम्हालाच सापडेल, म्हणजे ती वर्षं खाऊन येते. मी दुसरी वाट घेतली. रेवा हात रिकामे घेऊन परत येते आणि मग एका विशिष्ट झाडाखाली नाही (झाडं राहत नाहीत), खडकात कोरलेल्या टाक्याच्या बुडाशी खणते. तिला मूठभर पिवळी भुकटी मिळते. अठराशे वर्षांत ओलीने आणि उजेडाच्या एका फटीने काम केलं. मूर्ती संपली. ती पुरावा म्हणून कुणाला दाखवू शकत नाही आणि आता ती कुणाला मारूही शकत नाही, निदान देव्हाऱ्यात बसून तरी नाही. भुकटी विषारीच असते, म्हणून रेवा हातमोजे घालून ती बाटलीत भरते. लॅब असिस्टंट आहे ती.

आणि त्या आठव्या-नवव्या शतकातल्या ‘कोणी’चं काय? तो धागा मी एका परिच्छेदात सोडला : दुसऱ्या कोनाड्याची वीट कुणीतरी काढून पुन्हा उलटी बसवली आहे. कधी, ते कथेत सांगत नाही. तुम्हाला हवं तर तुम्ही त्यावर दुसरी कथा लिहा. माझी हरकत नाही.

पायरी ९ : लिहून झाल्यावर

पहिला खर्डा एका बैठकीत नको, पण एका महिन्यात संपवा. चार हजार शब्दांपुढे जाऊ लागलात तर यंत्राचं वर्णन कापा, तिथे नेहमीच चरबी असते. मोठ्याने वाचा. मग अशा माणसाला द्या, ज्याला विज्ञानकथा आवडत नाहीत.

पाठवताना नावाची धास्ती धरू नका. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या कुणालाच ठाऊक नसलेल्या माणसाची कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. ते होते जयंत विष्णू नारळीकर. आपली आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ते नाव घेतलं होतं, परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून. तुमच्या-माझ्या बाबतीत ती काळजी नाही. दिवाळी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, त्यामुळे गणपतीनंतर कथा पाठवून उत्तराची वाट पाहू नका.

शेवटची तपासणी वस्तूंची. कथेतल्या प्रत्येक वस्तूची यादी करा आणि ती कोणत्या पानावर कुणाच्या हातात आहे ते लिहा. सोपाऱ्याची माझी कथा अखेर छापून आली. काळाचे, राजांचे, रसायनाचे सगळे धागे मी चारदा तपासले होते. अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी एका आजींचा फोन आला. कथा आवडली म्हणाल्या, नंदसिरी तर फारच. मग विचारलं, ‘पण ती मुलगी टाक्यात उतरली तेव्हा तिच्या हातात पेटती दिवटी होती ना हो? ती तिने ठेवली कुठे?’

मी अंक उघडून पाहिला. कुठेच नाही.